घाफ, क्रमांक ४१७

झाडाला आधी पत्रा लागला, मग कुंपण.
पत्र्यावर ४१७ आणि खाली अरबीत एक ओळ.
गोदामातला मुनीर केरळात मदरशात शिकलेला,
त्यानं बोट फिरवत वाचली:
हात लावण्यापूर्वी विचारा.
कुणाला, ते लिहिलेलं नाही.

परवान्याला जोडलेली सात पानं मात्र सविस्तर बोलतात.
फांद्यांचा घेर संपतो तिथून आणखी दोन मीटर,
त्या वर्तुळात खोदाई नाही, खडी नाही,
सिमेंटची गोणी टेकवायची नाही, मिक्सर धुवायचा नाही,
खिळा नाही, दोरी नाही,
आणि सहाव्या पानावर (हे मी दोनदा वाचलं)
माणूस नाही.

दिगदग्यातला जून.
साडेबारा ते तीन काम बंद, हाही नियमच,
तो माणसांसाठी.
साडेबाराला सावली बुंध्याशी अंग चोरून बसते,
सगळीच्या सगळी जाळीच्या आत.
आम्ही बाहेर, गटाराच्या नव्या पाइपांत पाय दुमडून.
टेकबहादूर ओला गमछा तोंडावर घेऊन
झाडाकडं बघत पडतो,
दुकानाच्या काचेतून बघावं तसं.
तीनला सावली जाळीखालून सरपटत बाहेर येते
आणि फोरमन शिट्टी मारतो.

मी इथं कुणाला सांगितलेलं नाही
की झाडांना नंबर घालण्यात माझा हात बसलेला आहे.
आमच्याकडं तालुक्याचा रस्ता चौपदरी होत होता.
मी ठेकेदाराकडं नवा, हातात लाल रंगाचा डबा.
चुन्याच्या पट्ट्यावर एक ते दोनशे बारा,
बहुतेक वड, मधेच चिंच, एक करंज.
अठ्ठ्याऐंशीखाली चहा विकायच्या इठाबाई.
म्हणाल्या, नंबर घातला म्हंजी सरकारी झालं न्हवं?
आता कोन तोडनार न्हाई?
मी हो म्हणालो.
चहाचे पैसे त्यांनी घेतले नाहीत.

ऑगस्टात गुलरोज खानच्या बकेटला
मनगटाएवढं मूळ लागलं.
बुंध्यापासून अकरा मीटर,
म्हणजे कुंपणाच्या बाहेर, नियमाच्याही बाहेर.
तो आपणहून थांबला, खाली उतरला,
आणि टोपी मागं सारून
माझ्याकडं बघत राहिला.
मी टेप लावला. पुन्हा लावला. अकराच.
मग फोन केला.

नगरपालिकेची अफरा अल मझरूई
पांढऱ्या गाडीतून आली, चरात उतरली,
अबायाची कड मातीत गेली ते तिनं पाहिलं नाही.
गोणपाट भिजवून मागितलं, मुळावर घातलं.
कागदाप्रमाणे तुम्ही बरोबर आहात, म्हणाली,
आणि उठली नाही.

पाइप वळवला. नकाशा बदलला.
अकरा दिवस गेले, मीटरमागं एक दिवस,
आणि दुबईच्या ऑफिसातून पत्र आलं:
काम कुणी थांबवलं?
मी खाली सही केली.
इठाबाईंच्या झाडाच्या पंचनाम्यावरही
माझीच सही आहे,
तेव्हाची जरा सुबक.

घाफ म्हणजे आपली शमी,
हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं.
काटे तेच, पानंही तीच, नखाएवढी.
दसऱ्याला सुट्टी नव्हती.
सकाळी वारा समुद्राकडून आला
आणि जाळीबाहेर वाळूत हिरवा भुगा पडला.
अफराला विचारलं, उचलू का?
तिनं सात पानं मनात चाळली असावीत.
पडलेल्याबद्दल काही लिहिलेलं नाही, म्हणाली.

चिमूटभर टेकबहादूरला दिला.
चिमूटभर गुलरोजला, सोनं आहे म्हणून सांगितलं.
तो हसला आणि त्यानं तो
नसवारच्या डबीत ठेवला.

एक चिमूट परवान्याच्या सहाव्या पानात आहे,
इठाबाईंसाठी.
त्यांना कुणी नंबर घातला नव्हता.
रस्ता झाल्यावर त्या कुठं गेल्या
ते कुठल्याच यादीत सापडत नाही.